ते गाय आलं

“आजी, ते कुत्रा आलं बघ.”

जयनगरातल्या आमच्या घराच्या खिडकीत माझी नात उभी होती. वय सहा. खाली रस्त्यावर गल्लीतला नेहमीचा पिवळसर कुत्रा इडलीवाल्याच्या गाडीपाशी येऊन बसला होता. मी भाजी निवडत होते. हातातली मेथी तशीच ठेवून मी सवयीने म्हटलं, “ते नाही, तो. तो कुत्रा आला.”

“आणि मांजर?”

“ते मांजर आलं.”

“आणि चिमणी?”

“ती चिमणी आली.”

“का?”

अठ्ठावीस वर्षं मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं. त्या “का?”ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. “असंच असतं,” म्हणाले. नातीला ते पटलं नाही, आणि पटू नयेच. स्वयंपाकघरातून सूनबाई हसली. ती तुमकूरची. घरात माझ्याशी मराठीत बोलायचा ती मनापासून प्रयत्न करते, पण मला हाक मात्र ‘अत्ते’ अशीच मारते, कारण कन्नडात सासूला अत्ते म्हणतात. ती म्हणाली, “अत्ते, आमच्यात सोपं. नायी बंतु, बेक्कु बंतु, गुब्बि बंतु. सगळं बंतु.”

कुत्रा, मांजर, चिमणी. तिन्ही ‘बंतु’. माणूस असेल तर मात्र वेगळं: अप्पा बंदरु, अम्मा बंदरु, आदर काढून घेतला तर अवनु बंद, अवळु बंदळु. पुरुष असेल तर पुल्लिंग, बाई असेल तर स्त्रीलिंग, आणि बाकी अख्खी सृष्टी, गाय, बैल, दगड, वीट, खुर्ची, सगळी एका रांगेत नपुंसक. सुनेने हे दोन वाक्यांत सांगितलं आणि ती कुकरकडे वळली. मी मात्र मेथीची जुडी हातात धरून तशीच बसले, कारण चाळीस वर्षांपूर्वीचा एक मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला होता.

ते १९८६ साल. मी मूळची सातारा जिल्ह्यातली. नेमणूक मिळाली ती सोलापूर जिल्ह्यात, अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यात. गावात बाजारात, देवळात, विहिरीवर कन्नड, आणि शाळेत मराठी. मला कन्नडचा गंध नव्हता, आणि तो असायला हवा असं मला कुणी सांगितलं नव्हतं, मलाही वाटलं नव्हतं. सरकारी भाषा मराठी, पुस्तकं मराठी, मी मराठीची बाई. मुलांनी मराठी शिकायचं, एवढं सरळ गणित.

चौथीच्या वर्गात तो होता. अंगाने किरकोळ, गणितात तल्लख. पाढे तीसपर्यंत तोंडपाठ. ‘माझा आवडता प्राणी’ यावर प्रत्येकाने पाच वाक्यं बोलायची होती. तो उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “ते गाय आलं. ते गाय दूध देतंय.” वर्ग हसला. मीही हसले. हे लिहिताना बोट अडखळतं, पण मी हसले. मग सांगितलं, ‘ती गाय आली’ हे वाक्य पन्नास वेळा लिहून आण. त्याने आणलं. अक्षर सुरेख. दुसऱ्या दिवशी उभा राहिला आणि म्हणाला, “ते बैल आलं.”

पोरांनी त्याचं नाव ‘तेगाय’ ठेवलं. मधल्या सुट्टीत ती हाक माझ्या कानावर यायची. मी कधी कुणाला दटावलं नाही. लाजेने तरी सुधारेल, असं वाटायचं. तो सुधारला नाही, गप्प झाला. पाटीवर गणितं सोडवायचा, विचारलं की मान हलवायचा. दिवाळीनंतर तो आलाच नाही. कळलं की त्याला सीमेपलीकडे आळंदला मामाकडे पाठवलंय, तिथल्या कन्नड शाळेत. मी हजेरीपटात त्याच्या नावावर लाल रेघ मारली.

एक गोष्ट त्या वेळीही माझ्या कानावर पडत होती, पण मी ऐकली नाही. माणसांच्या बाबतीत तो एकदाही चुकला नव्हता. “अव्वा आली,” “काका आला,” “बाई आल्या.” हे सगळं बिनचूक. म्हणजे त्याच्याकडे व्याकरण नव्हतं असं नाही. पक्कं, काटेकोर व्याकरण होतं. फक्त ते मराठीचं नव्हतं.

त्या रात्री मी कपाटातून एक पुस्तक काढलं. अ. का. प्रियोळकरांनी १९४७ साली संपादित करून छापलेलं ‘रावबहादुर दादोबा पांडुरंग’, आत्मचरित्र आणि चरित्र एकत्र. निवृत्तीनंतर पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत मिळालं होतं, वाचायचं राहिलं होतं, आणि सामानाबरोबर बंगळुरूला आलं होतं. दादोबांचं नाव मी डी.एड.ला पाठ केलं होतं. ‘मराठी भाषेचे पाणिनी कोणास म्हणतात?’ एक गुण. त्यापुढे ह्या माणसाबद्दल मला काहीही माहीत नव्हतं.

दादोबा पांडुरंग तर्खडकर, जन्म १८१४, मुंबई. आजच्या भाषेत सांगायचं तर शाळामास्तर आणि पाठ्यपुस्तककार. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली निघालं तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. बावीस! त्या वयात मला वर्ग शांत ठेवता येत नव्हता. समोर आधार काय होता? एकीकडे संस्कृत व्याकरणाची मोठी परंपरा, दुसरीकडे इंग्रजी शाळांत शिकवलं जाणारं लिंडले मरे यांचं व्याकरण. कॅरीने १८०५ साली सेरामपूरहून मराठीचं व्याकरण काढलं होतं, पण ते साहेबांनी मराठी शिकावी म्हणून, इंग्रजीत. मराठी मुलांना मराठीतूनच मराठी कशी चालते ते सांगायचं, हे काम जवळजवळ कोऱ्या पाटीवर करायचं होतं. त्याच वर्षी बाळशास्त्री जांभेकरांनीही मुलांसाठी बालव्याकरण काढलं. म्हणजे नवीन शाळा निघाल्या होत्या, आणि त्या शाळांत शिकवायला भाषेचं पुस्तक नाही, ही अडचण त्या काळच्या हुशार तरुणांना एकदमच बोचली असणार.

आपण सगळ्यांनी घोकलेली ती ‘स, ला, ते, ने, ए, शी’ची कोष्टकं ह्याच घराण्यातली. संस्कृतच्या आठ विभक्तींच्या चौकटीत मराठीचे प्रत्यय बसवायचे. ती चौकट मराठीला कितपत मानवते, यावर पुढे वाद झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘शालापत्रका’तून दादोबांच्या व्याकरणाची कसून तपासणी केली, पुढे मोरो केशव दामल्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहून सगळा पसारा नव्याने मांडला. मला ह्या वादांत न्याय द्यायचा नाही, तेवढी माझी तयारी नाही. मला लक्षात राहिली ती दुसरीच गोष्ट. दादोबांनी आपलं पुस्तक सोडलं नाही. १८५० साली दुसरी आवृत्ती काढली ती खूप वाढवून. १८६५ साली शाळांसाठी ‘लघु व्याकरण’. आणि १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, व्याकरणाची ‘पूरणिका’. बाविसाव्या वर्षी लिहिलेल्या पुस्तकाला सदुसष्टाव्या वर्षीही हा माणूस भर घालत होता.

नोकरीचा प्रवासही वेगळाच. काही काळ माळव्यात जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक. मग मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये. १८४१ साली सुरतेच्या इंग्रजी शाळेत. १८४६ साली मुंबईला परत, मास्तर तयार करणाऱ्या नॉर्मल क्लासचे प्रमुख म्हणून. म्हणजे माझ्यासारख्यांच्या गुरूंच्या गुरूंचे गुरू. १८५२ साली मात्र शिक्षणखातं सुटलं आणि ते अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. भिल्लांच्या बंडाच्या बंदोबस्तात केलेल्या कामाबद्दल रावबहादुर किताब मिळाला. हा भाग मी भराभर वाचला. चांगला मास्तर कलेक्टर कचेरीत गेला की मला उगीच वाईट वाटतं. आमच्या काळातही असे दोघे-तिघे गेले.

पण सुरतेची पाच वर्षं मी दोनदा वाचली. तिथे दुर्गाराम मेहताजी नावाच्या गुजराती शाळामास्तरांशी त्यांचं जुळलं आणि १८४४ साली मानवधर्म सभा निघाली. जातिभेद, भुतंखेतं, मूर्तिपूजा यांवर उघड चर्चा करणारी. पुढे १८४९ साली मुंबईत परमहंस सभा. तिथे सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. पण सगळं गुपचूप, दारं लावून. नावांची यादी बाहेर फुटेल अशी भीती पडल्यावर सभा विरून गेली. मला ह्या भित्रेपणावर हसावंसं वाटलं होतं. मग आठवलं की वर्गात ‘तेगाय’ म्हणणाऱ्या पोरांना गप्प बसवायलाही मी धजले नव्हते, आणि तिथे तर माझी जात जाणार नव्हती.

तर सुरत. मराठीचं व्याकरण लिहिलेला सत्तावीस वर्षांचा मास्तर, समोर गुजराती बोलणारी मुलं. गुजरातीतही लिंगं तीन, पण प्रत्येक शब्दाचं लिंग मराठीशी जुळतंच असं नाही. मी कल्पना करते: बाजारात, शाळेत, मित्रांच्या घरी दादोबा गुजराती बोलत असतील, कुठेतरी ‘नो-नी-नुं’ची गल्लत होत असेल, कुणी हसत असेल. स्वतःच्या भाषेचे नियम बांधून झाल्यावर दुसऱ्याच्या भाषेत चुकत राहायचं. मास्तरासाठी याहून चांगलं प्रशिक्षण नाही. माझ्या वाट्याला ते सत्तर ओलांडल्यावर आलं.

पुढच्या रविवारी सूनबाई आम्हाला घेऊन एम. जी. रोडला गेली. नातीला मेट्रोत बसायचं होतं, एवढंच कारण. मेयो हॉलपाशी एका पुतळ्यासमोर नात थांबली. “हा कोण?”

“किट्टेल,” सून म्हणाली. “ह्यांनी कन्नडची डिक्शनरी केली.”

फर्डिनंड किट्टेल. बंगळुरूत ऑस्टिन टाऊनला ‘किट्टेल नगर’ असंही नाव आहे. जन्माने जर्मन, १८३२चा. पण आला तो स्वित्झर्लंडमधल्या बासेल मिशनतर्फे, १८५३ साली, एकविसाव्या वर्षी. धारवाड, मंगळूर, मडिकेरी. बासेल मिशन म्हटलं की आपल्याकडे कुणाला काही आठवत नाही, पण मंगलोरी कौलं म्हटलं की आठवतात; ती कौलं करणारा कारखानाही ह्याच स्विस मिशनने मंगळूरला काढला होता. आमच्या अक्कलकोटकडच्या शाळेवरही मंगलोरी कौलंच होती. म्हणजे डोक्यावर त्यांची कौलं, आणि खाली वर्गात मी.

आला होता धर्मप्रसाराला, हे विसरायचं कारण नाही. पण हा माणूस भाषेतच अडकला. १८७२ साली त्याने केशिराजाचं ‘शब्दमणिदर्पण’ संपादून छापलं. ते तेराव्या शतकातलं, कन्नडचं जुनं व्याकरण. हे वाचून मी थबकले. ज्या भाषेला मी ‘गावाकडची बोली’ समजत होते, तिच्या व्याकरणकाराने दादोबांच्या सहाशे वर्षं आधी तिचे नियम पद्यात बांधून ठेवले होते. १८९४ साली किट्टेलचा कन्नड-इंग्रजी कोश निघाला: सुमारे सत्तर हजार शब्द, सतराशेहून अधिक पानं. त्यासाठी बायकामुलांना जर्मनीत ठेवून तो वर्षानुवर्षं इथे राहिला. कन्नडचं व्याकरण १९०३ साली आलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात ट्युबिंगेनला तो वारला.

आपल्याकडे मोल्सवर्थ आणि कँडी, त्यांच्याकडे किट्टेल. मोल्सवर्थचा कोश १८३१चा, दुसरी आवृत्ती १८५७ची. अशी तुलना मी मनातल्या मनात करत होते, कारण मराठी माणसाला कुठल्याही पुतळ्यासमोर आपला एक पुतळा आठवतोच. पण तुलनेत एक फरक मला बोचत राहिला, आणि तो माझ्या बाजूचा होता. कोशकार माणसासमोर बसतो आणि विचारतो, ‘तुम्ही ह्याला काय म्हणता?’ उत्तर मिळेल ते लिहून घेतो. मीही मुलांसमोर बसत असे. विचारायची, ‘ह्याला काय म्हणतात?’ आणि उत्तर आलं की खोडून काढायची. किट्टेलच्या हाती पेन होता, माझ्या हाती लाल पेन.

त्या कोशात शब्द मराठीशी जुळत असेल तर तशी खूणही केलेली असते. सूनबाईने फोनवर पानं उघडून दाखवली. तुप्प आणि तूप. अण्ण आणि अण्णा. अक्क आणि अक्का. आमच्या सातारकडच्या घरात रोज वापरातले हे शब्द, आणि आम्ही ते आपल्या बापजाद्यांचे समजून चाललो होतो. मग ह्या मुलाच्या तोंडचं एक ‘ते’ मला एवढं परकं का वाटावं?

आता मी कन्नड शिकते. अॅव्हेन्यू रोडला जुन्या पाठ्यपुस्तकांच्या दुकानातून पहिलीचं पुस्तक आणलं. दुकानदाराने विचारलं, “मोम्मगळिगा?” म्हणजे नातीसाठी का? मी म्हटलं, “ननगे.” मला. तो माझ्याकडे बघून हसला, पण चांगलं हसला, आणि वीस रुपये कमी केले. अक्षरं मला सुंदर वाटतात, सगळी गोल, कुठे डोक्यावर रेघ नाही. नातीला कन्नड शाळेत आहे, म्हणून ती माझी बाई. शनिवारी संध्याकाळी तास असतो. ती खुर्चीवर, मी पलंगावर. पट्टी तिच्या हातात असते. माझ्याही हातात असायची.

गेल्या शनिवारी तिने चित्र दाखवलं आणि म्हणाली, “वाक्य सांग.” चित्रात गाय होती. मी आत्मविश्वासाने म्हटलं, “हसु बंदळु.”

नात खुर्चीवरून जवळजवळ पडली. “अज्जी! बंदळु? गाय काय बाई आहे का?” मग ती धावत आत गेली, आईला सांगितलं, दोघी हसल्या. सूनबाई पदराने तोंड पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “असू दे अत्ते, होतं असं.”

‘ती गाय’ माझ्या डोक्यात इतकी ठाम बसली आहे की कन्नडमध्येही मी तिला बाईच करून टाकलं. त्या मुलाने माझ्या गायीला ‘ते’ केलं होतं, मी सुनेच्या गायीला ‘ती’ केलं. गाय एकच. सत्तर वर्षांत मुरलेलं व्याकरण एका शनिवारी निघत नाही, आणि नऊ वर्षांच्या मुलाचं पन्नास ओळींत निघेल असं मी धरून चालले होते.

त्याचं आता अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास वय असेल. आळंदच्या बाजूला कुठे असेल, किंवा इथेच बंगळुरूत. त्या बाजूचे पुष्कळ लोक इथे कामाला आहेत. इडलीवाल्याच्या गाडीवर, मेट्रोच्या रांगेत त्या वयाचा कुणी उत्तरेकडच्या हेलात कन्नड बोलताना ऐकू आला की मी त्याच्या तोंडाकडे पाहते. ओळखणार कशी? मला आठवतं ते फक्त अक्षर.

नात परत आली ती पाटी घेऊन. आजकाल पाटी म्हणजे पांढरा फळा आणि निळा पेन. माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, “हसु बंतु. दहा वेळा लिही.”

“पन्नास नको?” मी विचारलं.

“पन्नास कशाला?” ती म्हणाली. “हात दुखेल ना.”

मी लिहायला घेतलं. चौथ्या ओळीत ‘तु’चं वळण चुकलं. तिने ते पुसलं, माझं बोट धरलं आणि पुन्हा काढून दाखवलं.